मोठ्या जातीच्या बोक्यासाठी खाद्य निवडताना नेमके काय पाहावे?

रानवारा:

नमस्कार. आमच्या घरी मेन कून जातीचा एक बोका आहे. त्याला नुकतेच नऊ महिने पूर्ण झाले असून सातव्या महिन्यात त्याची नसबंदी करून घेतली आहे. स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर तो केव्हाच मावेनासा झाला, त्यामुळे आता त्याला कडेवर घेऊन माणसांच्या काट्यावर उभे राहायचे आणि मग स्वतःचे वजन वजा करायचे, असा आमचा रविवारचा कार्यक्रम असतो. या हिशेबाने सध्या त्याचे वजन ५.२ किलो भरते. अंगाने तो लांबच लांब झाला आहे, पाय आणि शेपूट तर एखाद्या मोठ्या प्राण्याकडून उसने आणल्यासारखे दिसतात. परंतु पाठीवरून हात फिरवला की मणके हाताला लागतात आणि एवढ्या लांब केसांखाली अंग म्हणून फारसे काही नाहीच असे वाटते.

अडचण अशी आहे की त्याच्या आहाराबद्दल ज्यांना विचारावे ते प्रत्येक जण निराळेच सांगतात. ज्यांच्याकडून पिल्लू आणले त्यांचे म्हणणे असे की मोठ्या जातीच्या मांजराला मोठ्या जातीचेच खाद्य लागते आणि शिवाय हाडे भक्कम व्हावीत म्हणून रोज कॅल्शियमची पावडर घातली नाही तर वाढ खुंटते. एका मित्राचा आग्रह आहे की पाकिटातले काहीच देऊ नये. घरातील वडीलधाऱ्यांना तो सदैव उपाशीच वाटतो, म्हणून त्याचे वाडगे दिवसभर भरलेले असते आणि तो दिवसाकाठी किती खातो हे, खरे सांगायचे तर, आम्हालाच ठाऊक नाही.

सध्या माझ्यासमोर तीन वस्तू ठेवलेल्या आहेत. पहिले पाकीट कोरड्या दाण्यांचे असून त्यावर ‘मोठ्या जातींसाठी, प्रौढ मांजर’ असे लिहिले आहे. त्यात प्रथिने ३२ टक्के, स्निग्धांश १८, तंतू ५, राख (म्हणजे क्षार) ७ आणि पाणी ८ टक्के आहे. दुसरे पाकीट साधेच, कोणत्याही जातीचा उल्लेख नसलेले, पिल्लांसाठीचे आहे. त्यात प्रथिने ३६, स्निग्धांश १८, तंतू ३, राख ८ आणि पाणी ८ टक्के आहे. तिसरा ८५ ग्रॅमचा ओल्या खाद्याचा डबा आहे, त्यात प्रथिने साडेदहा टक्के, स्निग्धांश ५, तंतू अर्धा टक्का, राख २ आणि पाणी ८० टक्के आहे. आतापर्यंत दुसऱ्या पाकिटातले दाणे, रोज एक डबा आणि वर कॅल्शियमची पावडर असे देत आलो आहोत.

मोठ्या जातीचे खाद्य देणे खरोखरच आवश्यक आहे का, पिल्लांचे खाद्य केव्हा बंद करावे, कॅल्शियम द्यावे की नाही आणि डब्यात प्रथिने एवढी कमी असताना त्याचा उपयोग तरी काय, या गोष्टींवर अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

अबोली:

माझ्याकडे गेली अकरा वर्षे मोठ्या जातींची मांजरे आहेत. पहिला मेन कून होता आणि सध्या सायबेरियन जातीची एक जोडी आहे. आपण आकडे लिहिलेत हे फार चांगले केलेत, कारण पाकिटाच्या दर्शनी बाजूवर रुबाबदार बोक्याच्या चित्राखेरीज कामाचे काही नसते.

पाकीट हातात घेतले की आधी ते उलटे करावे आणि दोन गोष्टी शोधाव्यात. एक म्हणजे ते ‘संपूर्ण’, म्हणजे एकट्याने पुरणारे, खाद्य आहे की नुसते ‘पूरक’, आणि दुसरी म्हणजे ते आयुष्याच्या कोणत्या टप्प्यासाठी आहे. अमेरिकेत ॲफको आणि युरोपात फेडियाफ या संस्था हे निकष ठरवतात. ॲफकोच्या निकषानुसार वाढत्या पिल्लाच्या खाद्यात, पाणी वगळून मोजले असता, किमान ३० टक्के प्रथिने असावी लागतात, तर प्रौढ मांजराच्या खाद्यात २६ टक्के पुरतात. कॅल्शियमचे किमान प्रमाणही पिल्लासाठी १ टक्का आणि प्रौढासाठी ०.६ टक्का असे वेगवेगळे आहे. आता गंमत अशी की मांजराच्या जातीच्या आकारानुसार या निकषांत कोणताही निराळा विभाग नाही. कुत्र्यांच्या बाबतीत तो आहे. मोठ्या जातीच्या कुत्र्याच्या पिल्लाला कॅल्शियम जास्त झाले तर त्याच्या हाडांची वाढ बिघडते, म्हणून त्यांच्या खाद्यात कॅल्शियमची कमाल मर्यादा १.८ टक्क्यांवर आणलेली आहे. कुत्र्यांविषयीचे हे शास्त्र अर्धवट ऐकून ते मांजरांना लावले जाते आणि तेही नेमके उलटे, म्हणजे ‘मोठी जात, म्हणून कॅल्शियम जास्त’, असे. त्यामुळे मांजराच्या पाकिटावरचे ‘मोठ्या जातींसाठी’ हे शब्द ही त्या कंपनीने आपल्या मताने केलेली रचना असते. ती चांगली असू शकते, पण आवश्यक नसते.

आपल्या बोक्यासाठी पहिले पाकीट मी तूर्तास बाजूला ठेवीन, त्याचे कारण जातीचे नसून ‘प्रौढ’ या शब्दाचे आहे. साधे मांजर वर्षभरात पूर्ण वाढते, पण मेन कूनला पूर्ण भरायला तीन ते पाच वर्षे लागतात. रॅगडॉल, सायबेरियन, नॉर्वेजियन फॉरेस्ट यांचीही वाढ अशीच सावकाश होते. याचा अर्थ पाच वर्षे पिल्लांचे खाद्य द्यावे असा मात्र नाही. हाडांच्या वाढीचा मुख्य जोर पहिल्या सव्वा वर्षात सरतो आणि त्यानंतर छाती, मान आणि स्नायू हळूहळू भरत जातात. तेवढ्यासाठी प्रौढांचे चांगले खाद्य पुरते. मी स्वतः बारा ते पंधरा महिन्यांच्या दरम्यान, वजनवाढीचा वेग मंदावलेला दिसला की, खाद्य बदलते.

आता डब्याविषयी. ओल्या आणि कोरड्या खाद्याचे आकडे समोरासमोर ठेवायचे तर आधी दोन्हींतले पाणी काढून टाकावे लागते. डब्यात ८० टक्के पाणी आहे, म्हणजे खरा ऐवज २० टक्के. त्या वीसमध्ये साडेदहा प्रथिने, म्हणजे साडेबावन्न टक्के. दुसऱ्या पाकिटात ९२ टक्के ऐवज आणि त्यात ३६ प्रथिने, म्हणजे ३९ टक्के. तेव्हा प्रथिनांत हलका वाटणारा डबाच खरा जड आहे. कर्बोदके पाकिटावर सहसा छापलेली नसतात, परंतु बाकी सगळे आकडे शंभरातून वजा केले की उरतात तीच. पहिल्या पाकिटात ती ३० टक्के निघतात, दुसऱ्यात २७ आणि डब्यात अवघी २ (पाणी काढून मोजली तरी १०). ‘धान्यविरहित’ असे ठळक अक्षरांत लिहिलेल्या पाकिटावरही ही वजाबाकी एकदा करून पाहावी, कारण धान्याच्या जागी वाटाणा आणि बटाटा घातला तरी कर्बोदके ती कर्बोदकेच राहतात.

घटकांच्या यादीबद्दल जाता जाता एवढेच सांगते की तिचा क्रम पाण्यासकट वजनावर लावलेला असतो. ‘ताजी कोंबडी’ पहिल्या क्रमांकावर असली तरी तिच्या वजनात निम्म्याहून कितीतरी अधिक पाणीच असते, म्हणून त्या पहिल्या क्रमांकाने हुरळून जाऊ नये.

खरी मेख आहे ती भरलेल्या वाडग्यात. विश्रांतीच्या अवस्थेत लागणारी ऊर्जा काढण्यासाठी वजनाचा ०.७५ घात काढून त्याला ७० ने गुणतात. ५.२ किलोला हा आकडा २४० किलोकॅलरीच्या आसपास येतो. नसबंदी झालेल्या, परंतु अजून वाढत असलेल्या बोक्याला त्याच्या सुमारे १.६ ते २ पट, म्हणजे ३८५ ते ४८० किलोकॅलरी, हा सुरुवातीचा अंदाज धरता येतो. हाच बोका उद्या पूर्ण वाढून ७ किलोचा झाला की विश्रांतीची ऊर्जा होईल ३०० आणि गुणक उतरेल १.२ वर, म्हणजे दिवसाला ३६० किलोकॅलरी. थोडक्यात, मोठा झाल्यावर त्याला आजच्यापेक्षा कमी खायला लागेल. चार किलोच्या साध्या मांजराला २३८ लागतात. वजन पाऊणपटीने वाढले तरी गरज जेमतेम दीडपट होते. मोठे मांजर म्हणजे दुप्पट वाडगे हा हिशेब इथेच चुकतो.

तो मी स्वतः चुकवलेला आहे. पहिल्या बोक्याचे वजन ९.४ किलो झाले तेव्हा येणाऱ्या-जाणाऱ्याला तो आकडा मी कौतुकाने सांगत असे. चौथ्या वर्षी तो खिडकीच्या कट्ट्यावर एका उडीत जाईनासा झाला. आधी खुर्ची, मग टेबल, मग कट्टा, असा जिना त्याने स्वतःच शोधून काढला आणि आम्ही त्यालाही त्याची हुशारीच समजलो. एक्स-रे काढला तेव्हा खुब्याचे सांधे खराब झालेले दिसले. मेन कून जातीत खुब्याचा हा दोष मुळातच बराच आढळतो. अमेरिकेतील ऑर्थोपेडिक फाउंडेशन फॉर ॲनिमल्स या संस्थेच्या नोंदींमध्ये तपासलेल्या मेन कून मांजरांपैकी सुमारे एक चतुर्थांशांत तो सापडला होता. दोष रक्तातून आला असेल, पण त्यावर दोन किलोंचे ओझे मी घातले.

म्हणून काट्याइतकाच हातावरही विश्वास ठेवावा. आपल्या हाताची मूठ वळावी आणि बोटांच्या उंचवट्यांवरून दुसऱ्या हाताचे बोट फिरवून पाहावे. बरगड्या तशा लागत असतील तर मांजर रोड आहे. पंजा सरळ करून त्याच्या पाठच्या बाजूवरून बोट फिरवल्यावर जसे लागते तशा लागत असतील तर ते योग्य आहे, आणि तळहाताच्या बाजूसारखे मऊच मऊ लागत असेल तर ते लठ्ठ आहे. मागच्या पायांपुढे पोटाखाली लोंबणारी सैल कातडी मात्र चरबी समजू नये. ती बहुतेक मांजरांना असते आणि मेन कूनला तर ठळक असते.

सडेतोड:

एवढे गणित करून मांजर पाळायचे असेल तर मग हिशेबनीसच ठेवावा लागेल. मांजर हा शुद्ध मांसाहारी प्राणी आहे, यावर तरी येथे दुमत नसावे. आपण स्वतःच दाखवून दिलेत की कोरड्या दाण्यांत पावशेराहून अधिक पिष्टमय भरताड असते. असे असताना त्यातल्या त्यात बरे पाकीट कोणते, यावर काथ्याकूट करण्यापेक्षा कोंबडीचे ताजे मांस, कच्चे किंवा थोडेसे उकडलेले, सरळ पुढ्यात ठेवावे, हे सोपे नाही का? रानातले मांजर पाकिटामागची बारीक अक्षरे वाचून शिकार करत नाही आणि त्याला टक्केवारीवाचून काही अडतही नाही. मी माझ्या दोन मांजरांना तीन वर्षे मांसच देत आहे, त्यांचे केस आरशासारखे चमकतात. ती मोठ्या जातीची नाहीत, हे मान्य करतो. परंतु दात, आतडे आणि भूक यांची घडण सगळ्या मांजरांत सारखीच असते. पाकिटांचा धंदा आपल्या भीतीवर चालतो, असे माझे स्पष्ट मत आहे.

पशुवैद्य:

सडेतोड यांच्या म्हणण्यातला पहिला भाग बरोबर आहे आणि म्हणूनच दुसऱ्या भागाबद्दल सविस्तर लिहिणे मला आवश्यक वाटते. रानातले मांजर उंदीर खाते तेव्हा ते त्याची हाडे, रक्त, काळीज, यकृत, आतडी असे सगळेच खाते. आपण पुढ्यात ठेवतो ते मात्र हाडांपासून सोडवलेले स्नायू असतात. अशा मांसात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम नाममात्र असते. दोहोंचे प्रमाण कॅल्शियम १ तर फॉस्फरस १५ ते २० असे असते, आणि वाढत्या पिल्लाला ते साधारण बरोबरीचे किंवा कॅल्शियमकडे थोडे झुकलेले लागते. रक्तातले कॅल्शियम कमी पडू लागले की शरीर ते हाडांतून उपसते. पूर्ण वाढलेल्या मांजराच्या हाडांत साठा मोठा असल्यामुळे त्याचे परिणाम उशिरा दिसतात, आणि आपल्या मांजरांचे केस चमकत असतील तर त्यात नवल नाही, कारण मांसात प्रथिने आणि स्निग्धांश उत्तमच असतात. पिल्लाला मात्र एवढी सवलत नसते, आणि मोठ्या जातीच्या, झपाट्याने वाढणाऱ्या पिल्लाला तर मुळीच नसते.

माझ्याकडे पाच महिन्यांचे एक पिल्लू आले होते, ते उचलले की ओरडत असे. घरच्यांनी जिव्हाळ्याने त्याला रोज ताजी उकडलेली कोंबडी भरवली होती. त्याच्या खाण्यात दुसरे काहीच नव्हते. अंगाने ते गुटगुटीत होते, केस सुरेख होते, पण एक्स-रेमध्ये हाड आणि त्याभोवतीचे मांस यांच्या छटेत फरक ओळखायला डोळे ताणावे लागत होते आणि मागच्या एका पायाचे हाड कोणताही मार न लागता वाकून मोडलेले होते. आहार बदलून, महिनाभर पिंजऱ्यात विश्रांती देऊन ते सावरले. पाठीच्या मणक्याचे हाड असे मोडते तेव्हा सावरण्याची खात्री देता येत नाही.

यावरून कोणी असा अर्थ काढू नये की मग कॅल्शियमची पावडर घालणेच योग्य. रानवारा यांच्या बोक्याला मिळणारे पिल्लांचे खाद्य संपूर्ण असेल तर त्यात कॅल्शियम हिशेबाने घातलेलेच असते. वरून चमचाभर पावडर टाकली की तो हिशेब मोडतो आणि जस्तासारख्या इतर क्षारांच्या शोषणातही अडथळा येतो. पावडर बंद करावी. बोक्याचा आकार त्याच्या आईबापांकडून आलेला असतो. आहाराने त्याला फक्त तिथवर नीट पोहोचू द्यायचे असते, त्यापलीकडे ढकलायचे नसते.

टॉरिनबद्दलही लिहितो, कारण मेन कून म्हटले की हृदयविकाराचा विषय निघतो आणि त्यात दोन वेगळ्या आजारांची गल्लत होते. मांजराचे शरीर टॉरिन हे द्रव्य पुरेसे बनवू शकत नाही, ते मांसातूनच मिळवावे लागते. १९८७ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील शाखेत पॉल पायॉन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की हृदयाची पोकळी फुगून स्नायू दुबळा होण्याचा मांजरांतला आजार टॉरिनच्या कमतरतेमुळे होत होता आणि टॉरिन दिल्यावर तो पुष्कळदा बरा होत होता. ती मांजरे बाजारातले खाद्यच खात होती, हे सडेतोड यांच्या बाजूने मुद्दाम नोंदवतो. त्यानंतर उत्पादकांनी टॉरिनचे प्रमाण वाढवले आणि हा आजार आता क्वचितच दिसतो. आजच्या निकषानुसार कोरड्या खाद्यात, पाणी वगळून, किमान ०.१ टक्का आणि डब्यातल्या खाद्यात ०.२ टक्के टॉरिन असावे लागते. कुत्र्याच्या खाद्यावर मांजर ठेवू नये, त्याचे एक मोठे कारण हेच आहे. मेन कून जातीत जो हृदयविकार अधिक आढळतो तो याच्या उलट, म्हणजे हृदयाची भिंत जाड होण्याचा असतो. त्याच्याशी निगडित जनुकीय बदल मेन कूनमध्ये २००५ साली आणि रॅगडॉलमध्ये २००७ साली सापडला. तो आहाराने टाळता येत नाही आणि अतिरिक्त टॉरिनने बराही होत नाही. त्यासाठी हृदयाची सोनोग्राफी वेळोवेळी करून घ्यावी.

कच्च्या मांसाविषयी एकच सांगतो. साल्मोनेला या जिवाणूचा धोका जुनाच आहे, त्यात २०२४ च्या अखेरीस अमेरिकेत बर्ड फ्लूच्या विषाणूने दूषित झालेल्या कच्च्या खाद्यामुळे घरातच राहणाऱ्या मांजराचा मृत्यू झाल्याचे स्पष्ट झाले. ज्यांना घरी शिजवूनच घालायचे असेल त्यांनी प्राण्यांच्या आहाराच्या तज्ज्ञाकडून पाककृती लिहून घ्यावी आणि ती तंतोतंत पाळावी. रोज यकृत भरवू नये, कारण ‘अ’ जीवनसत्त्व साठत जाऊन मानेचे मणके एकमेकांना जखडतात. आणि कच्चे मासेही देऊ नयेत, कारण त्यांपैकी अनेकांत ‘ब१’ जीवनसत्त्व नष्ट करणारे द्रव्य असते. केसांसाठी जवसाचे तेल द्या असा सल्ला कोणी दिला तर तोही मनावर घेऊ नये. जवसातल्या स्निग्धाम्लाचे उपयोगी रूपांतर मांजराच्या शरीरात फारसे होतच नाही, ते माशाच्या तेलातून तयार स्वरूपातच मिळावे लागते.

सडेतोड:

हाडांचा मुद्दा मान्य आहे. उंदीर आणि कोंबडीचा तुकडा यांतला फरक मी विचारात घेतला नव्हता. माझ्या मांजरांची रक्ततपासणी करून घेतो. कोरड्या दाण्यांबद्दलचे माझे मत मात्र कायम आहे.

रानवारा:

सर्वांचे मनापासून आभार. सगळे वाचून झाल्यावर आम्ही आठवडाभर दाणे काट्यावर मोजून वाडग्यात घातले आणि रात्री उरलेले पुन्हा मोजले. सरासरी १२८ ग्रॅम दाणे आणि एक डबा असा त्याचा रोजचा आहार निघाला. मुठीचा प्रयोग घरातल्या सर्वांनी करून पाहिला आणि बरगड्या पंजाच्या पाठच्या बाजूसारख्याच लागतात, यावर वडीलधाऱ्यांचेही एकमत झाले. कॅल्शियमची पावडर बंद केली आहे.

डबा उलटा करून पाहिला तेव्हा मात्र खजील झालो. घटकांच्या यादीखाली, मुंगीच्या पायांएवढ्या अक्षरांत, ‘पूरक खाद्य’ असे लिहिलेले आहे. सहा महिने आम्ही तो संपूर्ण समजूनच देत होतो. आता तो अजिबात बंद करावा का? आणखी एक गोष्ट लिहायची राहिली होती. तो दाणे चावत नाही, नुसते गिळतो, आणि आठवड्यातून एकदोनदा खाल्ल्यानंतर पाचच मिनिटांत अख्खे दाणे जसेच्या तसे बाहेर टाकतो.

अबोली:

आपल्या आकड्यांवरून हिशेब केला. प्रथिने आणि कर्बोदके यांच्या दर ग्रॅमला ३.५ आणि स्निग्धांशाच्या दर ग्रॅमला ८.५ किलोकॅलरी धरतात. त्याप्रमाणे आपल्या दाण्यांत १०० ग्रॅमला सुमारे ३७३ आणि डब्यातल्या खाद्यात सुमारे ८६ किलोकॅलरी येतात. १२८ ग्रॅम दाण्यांचे ४७८ आणि ८५ ग्रॅमच्या डब्याचे ७३ मिळून रोजचे ५५० झाले. अंदाजाची वरची कड ४८० होती, म्हणजे थोडे जास्त आहे, पण त्याचे अंग योग्य असल्यामुळे घाईने कापण्याचे कारण नाही. दाणे ११५ ग्रॅमवर आणावेत आणि दर पंधरा दिवसांनी वजन करून पाहावे. कडेवर घेऊन केलेल्या वजनात शंभर-दोनशे ग्रॅम इकडेतिकडे होतात. त्याऐवजी त्याला पिंजऱ्यात बसवून पिंजऱ्यासकट वजन करावे व रिकाम्या पिंजऱ्याचे वजा करावे. वजन वाढत राहून बरगड्या आहेत तशाच लागत असतील तर वाढ हाडामासाची आहे. बरगड्या बुजू लागल्या तर दाणे आणखी पाच-दहा ग्रॅमने उतरवावेत. नसबंदीनंतर ऊर्जेची गरज घटते आणि भूक मात्र वाढते, त्यामुळे त्याच्या ओरडण्यावरून प्रमाण ठरवू नये.

पूरक खाद्य विषारी नसते, ते अपुरे असते. दिवसाच्या एकूण ऊर्जेच्या दहा टक्क्यांच्या आत ते राहिले तर बिघडत नाही. आपल्या बोक्याच्या बाबतीत ती मर्यादा अर्ध्या डब्याच्या थोडी पुढे येते. पण ओल्या खाद्याचा मोठा फायदा पाण्याचा आहे आणि अर्ध्या डब्याने तो फारसा मिळत नाही. मांजराला तहानेची जाणीव मंद असते आणि बोक्यांमध्ये मूत्रमार्ग अडण्याचा धोका असतो, म्हणून मी याच्या जागी ‘संपूर्ण’ आणि ‘वाढीसाठी’ असे दोन्ही शब्द असलेला दुसरा डबा शोधीन, तो रोज देईन आणि दाणे त्या मानाने कमी करीन.

गिळण्याच्या बाबतीत मात्र मोठ्या जातीच्या पाकिटाला त्याचे श्रेय द्यायला हवे. त्यातले दाणे बहुधा मोठे असतात आणि मेन कूनच्या रुंद, चौकोनी जबड्याला ते फोडूनच खावे लागतात. आमचा बोका लहान दाणे जिभेने ओढून घेत असे, मोठे दाणे आल्यावर प्रथमच कुडुम कुडुम आवाज ऐकू आला. आपल्याला असा मोठा दाणा पिल्लांच्या खाद्यात मिळाला तर तो जरूर घ्यावा. तोवर दाणे खोल वाडग्यात न घालता मोठ्या पसरट ताटात विखरून घालावेत आणि दिवसाचे माप चार-पाच वेळांत विभागावे. एवढे करूनही उलट्या थांबल्या नाहीत तर मात्र त्याला तपासून घ्यावे.

पशुवैद्य:

वरील सूचनांशी मी सहमत आहे. डबा किंवा दाणे बदलताना जुन्यात नवे थोडे थोडे मिसळत सात ते दहा दिवस घ्यावेत. नवे खाद्य पसंत नाही म्हणून त्याने तोंड फिरवले तर ‘भूक लागली की खाईल’ असे म्हणून त्याला उपाशी ठेवू नये. मांजर, विशेषतः अंगाने भरलेले मांजर, दोन-तीन दिवस काहीच खाल्ले नाही तर त्याच्या यकृतात चरबी साचून जिवावर बेतू शकते. एक दिवस पूर्ण उपाशी गेला तर जुने खाद्य परत द्यावे, आणि तेही खाल्ले नाही तर त्याच दिवशी दवाखान्यात न्यावे.

रानवारा:

समजले. नवा डबा आणला असून त्यावर दोन्ही शब्द आहेत, या वेळी भिंगातून पाहूनच घेतला. आज जुन्या डब्यात त्याचा एक चमचा मिसळून दिला. त्याने आधी जुने तेवढे निवडून खाल्ले, ताटाभोवती दोन फेऱ्या मारल्या आणि मग उरलेलेही संपवले. पिंजऱ्यासह वजनाची पहिली नोंद ५.३ किलो आहे. पुढची नोंद पंधरा दिवसांनी येथेच लिहितो.